दागिना पाहावा घडवून

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं आपले वाडवडील सांगून गेले. सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढं होती ती दमछाक. गवंड्याच्या दांड्यांपासून विहीणबाईंच्या रुसव्यापर्यंत सगळं यजमानानं अंगावर घ्यायचं आणि शेवटी हिशेब बघून कपाळाला हात लावायचा, असा त्याचा अर्थ. आता ही दमछाक पैसे मोजून दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते. घराला इंटिरियर डिझायनर आहे, लग्नाला वेडिंग प्लॅनर आहे, दागिन्याला शोरूममधली गोड बोलणारी मुलगी आहे. सोय झाली यात शंका नाही. मुलीच्या बापानं कमरेला उपरणं खोचून जिलबीच्या पंगतीत धावावं, यात काही रम्य होतं असं मला कधीच वाटलं नाही. माझी तक्रार निराळीच आहे.

गेल्या लग्नसराईत मी सात लग्नं जेवलो. निवृत्त माणसाला आमंत्रण टाळायला सबब उरत नाही. पुण्यात, सांगलीत, कोल्हापूरबाहेरच्या एका लॉनवर, सगळीकडं गेलो आणि सातव्या लग्नात मला आपण अजून पहिल्याच लग्नात आहोत की काय, अशी शंका येऊ लागली. तेच फिकट गुलाबी पडदे, तोच पांढऱ्या फुलांचा गोल, नवरीच्या डोक्यावर चौघांनी धरलेली तीच फुलांची चादर, पायाशी तेच थंड धुराचे लोट. नवरीच्या गळ्यातला हारही मी आधी कुठंतरी पाहिलेला. चौकशी केली की उत्तर ठरलेलं : ‘नेटवर इन्स्पिरेशन मिळालं.’

आम्हा लिहिणाऱ्यांच्या धंद्यात हा शब्द फार जपून वापरावा लागतो. दुसऱ्याच्या कादंबरीवरून मला अशी प्रेरणा झाली, तर लोक तिला वाङ्मयचौर्य म्हणतील. लग्नात तिला ट्रेंड म्हणतात.

प्रेरणा घ्यायला कुठं जावं लागतं, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी जुन्या मराठी दागिन्यांची नावं एकदा मोठ्यानं म्हणून बघावीत. बोरमाळ, पोहेहार, जोंधळी पोत, जवमणी, बकुळहार, चाफेकळी, कोयरी. कानाला वेल, पायाच्या बोटांत मासोळ्या, अंबाड्यावर केवडा. ही दागिन्यांची पेटी आहे की घराचं परसदार, असा प्रश्न पडावा. कुठल्या तरी सोनारानं बोराकडं पाहिलं आणि पोकळ, लांबट, मधे फुगीर मणी केला. कुणी बकुळीचं फूल उचललं. आता बकुळ म्हणजे काही गुलाब नव्हे. नखाएवढं फूल, रंग मळकट, झाडाखाली पडलेलं, कुणाच्या पायाखालीही आलेलं. पण वास असा की वाळलं तरी जात नाही. हे फूल शेकड्यांनी सोन्यात करून ओवावं असं ज्याला सुचलं, त्याच्या नजरेला मी मानतो.

जोंधळ्याचं तर विशेषच. आमच्या देशावर जोंधळा म्हणजे पोटाला भाकरी. त्याच्या दाण्याएवढा मणी घडवताना सोनाराला नमुना शोधायला जावं लागलं नसणार. दुपारी त्यानं खाल्लेली भाकरी त्याचीच होती. आणि ती पोत जिच्या गळ्यात पडली, तिला मोत्याचा बाजारभाव ठाऊक नसेल, जोंधळ्याचा पक्का ठाऊक होता. नुसतं रूपच नव्हे, सोन्याचं वजनसुद्धा आपण झाडाझुडपांतून उचललं होतं. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंज म्हणजे रानातल्या वेलीचं लालभडक, काळ्या ठिपक्याचं बी. पुढं दशमान पद्धत आली आणि सराफांचा तोळा सरळ दहा ग्रॅमचा झाला. हिशेबाला बरं झालं. मी बँकेतला माणूस, मला दशमान पद्धतीबद्दल काही म्हणायचं नाही.

बँकेत मी सदतीस वर्षं काढली. त्यातली सुरुवातीची काही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाखेत, सोनेतारणाच्या टेबलावर. १९८० च्या दशकातली गोष्ट. सोन्याचा भाव तोळ्याला दोन-तीन हजारांच्या घरात होता. (२०२५ मध्ये त्यानं एक लाखाचा टप्पा ओलांडला.) मृग लागायच्या आधी बायाबापड्यांची रांग लागे. बियाणं, खत, पोराच्या शाळेची फी. लुगड्याच्या पदराच्या गाठीतून दागिना निघे आणि आमच्या सराफमामांच्या पुढ्यात पडे. मामा तो कसोटीच्या काळ्या दगडावर घासत, रेघेवर आम्लाचा थेंब टाकत, मग काट्यावर ठेवत. खडे असतील तर त्यांचं वजन वजा. मण्यांत लाख भरलेली असेल तर तिचं वजन वजा. रेशमी गोफ वजा. उरलं ते निव्वळ सोनं, आणि कर्ज त्याच्यावर.

फॉर्मवर रकाने होते : वस्तूचं नाव, नग, एकूण वजन, निव्वळ वजन, किंमत. मामा तोंडानं सांगत, ‘बोरमाळ एक, ठुशी एक, पाटल्या दोन.’ फॉर्म इंग्रजी. त्यावर लिहिलं जाई : नेकलेस दोन, बँगल्स दोन. बोरमाळ आणि ठुशी, दोघींचा एकच नेकलेस होऊन जाई. घडणीला रकानाच नव्हता. एखाद्या कारागिरानं महिनाभर डोळे फोडून केलेली नक्षी आणि सरळसोट वळं, दोघांचं वजन सारखं तर कर्जही सारखं. बँकेच्या दृष्टीनं ते बरोबरच. उद्या कर्ज थकलं तर लिलावात वितळून येईल तेवढंच धरायचं.

पण एक बाई मला आठवते. शिरोळकडची, पन्नाशीची. कोल्हापुरी साज घेऊन आली होती. साजात जवमण्यांच्या मधून मधून कोरीव पानं ओवलेली असतात. जुनी मोजणी सांगतात ती एकवीस पानांची : विष्णूचे दहा अवतार, आठ अष्टमंगलं, माणकाचं एक, पाचूचं एक आणि एक ताईत. सराफमामा पानं चिमटीत धरून बघायला लागले, तशी ती म्हणाली, ‘हळू वो मामा, मासा वाकंल.’ मासा म्हणजे मत्स्यावतार. पाकिटाला सील करायच्या आधी तिनं साज माझ्या टेबलावर पसरला आणि एकेका पानावर बोट ठेवून मोजला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह. एकवीस भरल्यावर मग अंगठा दिला. पुढच्या सुगीनंतर साज सोडवायला आली, तेव्हा सील तोडल्यावर पुन्हा तशीच मोजणी. मागं रांग खोळंबली होती, कॅशियर घड्याळ बघत होता, पण ती काही आटपेना. आमची पावती तिला वाचता येत नव्हती. साज वाचता येत होता.

साज मोडून काहीतरी नव्या घडणीचं कर, असा विषय तिच्या घरी कधी निघाला नसेल असं नाही. मुली-सुना असतीलच. पण जी वस्तू वाचता येते ती माणूस सहसा मोडत नाही. इथं बँकेतला हिशेब आणि सौंदर्यदृष्टी यांची गाठ पडते, म्हणून थोडं गणित सांगतो. शंभर रुपयांचं सोनं घ्या. घडणावळ शेकडा पंधरा धरू; दुकानागणिक आणि घडणीगणिक ती कमी-जास्त असते. झाले एकशे पंधरा. त्यावर तीन टक्के जीएसटी. म्हणजे ११८ रुपये ४५ पैसे. पाच वर्षांनी फॅशन बदलली, हार जुना वाटू लागला, मोडायला नेला. हातात येतील ते शंभराच्या सोन्याचे त्या दिवशीचे पैसे, तेही घट वजा जाऊन. वरचे साडेअठरा गेले. नव्या हाराला पुन्हा साडेअठरा. सोन्याचा भाव चढत असतो, म्हणून ही गळती कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या गळ्यातलं बघून केलेला दागिना दुसऱ्याच्या गळ्यातलं बदललं की जुना होतो. आपल्या कारणानं केलेल्याला तसं व्हायचं कारण नाही.

घडणीची किंमत शून्य धरायची सवय मात्र एकट्या बँकेची नाही. जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारनं सुवर्णनियंत्रण आणलं आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी केली. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. चीनच्या युद्धानंतरचे दिवस, परकीय चलनाची ओढ. सरकारची अडचण खरी होती. पण चौदा कॅरटचं सोनं कडक. बावीस कॅरटवर ज्याचा हात बसला तो सोनार त्यावर काय करणार? असंख्य सोनारांनी हातोडी खाली ठेवली, त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. चौदा कॅरटची अट काही वर्षांत मागं घेतली गेली, पण १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं. मधल्या काळात किती घरांतला मुलगा बापाशेजारी न बसता कारखान्यात लागला, याची नोंद कुठल्या रकान्यात सापडायची? आज शोरूमच्या काचेआड ‘टेंपल’, ‘अँटिक’ अशा पाट्यांखाली एकाच साच्यातून निघालेले हार दिसतात, त्याच्या मुळाशी नुसती तरुण पिढीची चंचलता नाही.

आता कुणी म्हणेल, हे गृहस्थ जुन्याच्या प्रेमात पडले आहेत, यांना बाहेरचं काही नको. तसं मुळीच नाही. पुतळीहार घ्या. पुतळ्या म्हणजे अस्सल मराठमोळ्या, असं आपण धरून चालतो. पुतळी हे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट. व्यापारातून आपल्याकडं आलं. त्यावर संत मार्कच्या समोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती. आपल्या लोकांना संत मार्क कुठला ठाऊक? दोन माणसं दिसली, एक उभं, एक वाकलेलं. त्यांनी आपले देव त्यात पाहिले, नाव ठेवलं पुतळी, भोक पाडून गळ्यात घातलं. पुढं इथल्याच सोनारांनी तशा चकत्या ठोकायला सुरुवात केली. नथीचंही तेच. प्राचीन भारतात नाकात दागिना घालत नसत, असं इतिहासकार अ. स. आळतेकर यांनी लिहून ठेवलं आहे. नथीतले बसरा मोती आखातातले, नावातच गाव आहे. म्हणजे जिला आपण मराठी बाईची ओळख समजतो तिची कल्पना बाहेरची, मोती बाहेरचे. पण तिची घडण, तो बाक, नाकावर बसायची ऐट आपली. घेणं वाईट नाही. घेतलेलं पचवायला वेळ द्यावा लागतो. पुतळीला तो मिळाला. आज एक गोष्ट पचायच्या आत दुसरी ताटात पडते.

ऑगस्ट १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला आणि त्याच्या पुढच्याच लग्नसराईपासून आमच्याकडं नवऱ्याचे बूट पळवायला सुरुवात झाली. तोपर्यंत मराठी लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळायचा. वास्तविक हा किती नामी प्रकार! बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर आम्ही आहोत, हे भर मांडवात, हसत हसत, कान धरून सांगायचं. बूट पळवण्यात फक्त पैशांची घासाघीस आहे. पण सिनेमात कान पिळलेला नव्हता. पुढं २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतल्या जान्हवीचं मंगळसूत्र घराघरांत गेलं, २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’नंतर नथी इतक्या वाढल्या की नाकापेक्षा मोती जड ही म्हण नवऱ्यामुली शब्दशः आचरणात आणू लागल्या. मालिकेच्या कलादिग्दर्शकानं निदान आपल्या पात्राचा विचार करून दागिना निवडलेला असतो. ते पात्र आपण नसतो.

बँकेच्या नोकरीत बदल्या होतात. कुटुंबाचे हाल होतात, मुलांच्या शाळा बुडतात, पण डोळ्यांना फुकटची यात्रा घडते. काही वर्षं मी डहाणू तालुक्यातल्या शाखेत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दिलेल्या म्हशी जागेवर आहेत की नाहीत, हे बघत पाड्यापाड्यांतून हिंडायचं. म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला असे, तो तपासायचा. (बँकेनं पैसे दिलेलं कानातलं मी तेवढंच पाहिलं.) अशाच एका पाड्यावर लग्नघर लागलं. आत अंधारी खोली, गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंती आणि दोन-तीन सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून भिंतीवर चौक लिहीत बसलेल्या. चित्र ‘काढणं’ नव्हे, ‘लिहिणं’. चौकटीच्या कडेला नक्षीच्या ओळींवर ओळी, मधे देवी पालघट, आजूबाजूला झाडं, माणसं, सूर्य, चंद्र. चौक झाल्याशिवाय लग्न नाही. लग्न लावणारीही बाईच, धवलेरी. ती गाणी म्हणून लग्न लावते. मी त्या घरच्या माणसाला म्हटलं, ‘छान सजवलंय.’ तो जरा गोंधळला. सजवलंय म्हणजे काय ते त्याला कळेना. देवी यायची तर तिला जागा नको का, असं काहीतरी तो म्हणाला. त्यांच्या लेखी ती सजावट नव्हतीच. पाहुणीला मांडलेला पाट होता.

त्याच भागातले जिव्या सोमा म्हसे यांनी ही बायकांची, लग्नापुरती कला कागदावर रोज काढायला घेतली, जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रांतला माशांचा जाळीदार घोळका किंवा तारप्याभोवती गुंडाळत जाणारा नाच बघताना कळतं की, हा माणूस उचलत नाहीये, पुढं नेतोय. आणि आता पुण्यातल्या स्वयंपाकघरांत वारली माणसांच्या टाइल्स दिसतात, गॅसच्या शेगडीमागं, फोडणीच्या शिंतोड्यांत. त्या टाइल्सना ‘एथनिक’ म्हणतात. त्या नाचातली माणसं तारप्याकडं तोंड करून नाचतात, हे टाइल लावणाऱ्याला ठाऊक नसल्यानं काही घरांत ती चिमणीकडं तोंड करून नाचताना मी पाहिली आहेत.

घरांच्या सजावटीबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्यानं अंतर्गत सजावटीवर बोलू नये. इतकंच म्हणतो की, आपल्या जुन्या घरांत दाखवायची वस्तू आणि वापरायची वस्तू अशा दोन जाती नव्हत्या. स्वयंपाकघरातली मांडणी म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं प्रदर्शनच; पण सकाळ-संध्याकाळ तिथूनच भांडं निघे. भिंतीतली दिवळी दिव्यासाठी, कोनाडा देवासाठी किंवा चष्म्यासाठी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन नुसते अडकित्ते बघा, दिवे बघा, फण्या बघा. आणि वज्री बघा. वज्री म्हणजे टाचा घासायची. न्हाणीघरात, ओल्या दगडावर पडून राहणारी वस्तू. तिलाही कारागिरानं मोर केला आहे, पक्षी केला आहे. कुणाला दाखवायला? न्हाणीघरात पाहुणे येत नाहीत. कल्पनांच्या शोधात परदेशी कॅटलॉग चाळणाऱ्या आमच्या तरुण डिझायनर मंडळींनी एक अख्खा दिवस तिथं काढावा, वही घेऊन.

येवल्याचं एकच सांगतो. हातमागावरची पैठणी उलटून पाहिली तरी तशीच दिसते. नक्षीचे धागे विणतानाच एकमेकांत गुंतवलेले असतात, मागं लोंबत नाहीत. मोर, कमळ, मुनिया, आसावलीचा वेल, अश्रफी. पुन्हा पाखरं, झाडं आणि नाणं. एका पदराला महिने लागू शकतात. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लग्नात दहातल्या आठ जणींच्या अंगावर असते ती सेमी पैठणी. ती नेसू नये असं मी म्हणणार नाही, अस्सलची किंमत मला ठाऊक आहे. मात्र ‘सेमी’ हा शब्द आपण लग्नाच्या इतर गोष्टींनाही लावायला हरकत नाही.

रुखवताचंच पाहा. जुन्या रुखवतात गव्हले असत, मालत्या, नखुल्या. तळहातावर, बोटांवर, नखावर वळलेले ते पिठाचे दाणे. गव्हला गव्हासारखाच, पुन्हा तेच. खोबऱ्याच्या वाट्यांचं तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांची सप्तपदी. नवरीची आई, आत्या, शेजारणी महिनाभर दुपारी जमून हे करत आणि त्या निमित्तानं जायच्या मुलीला चार गोष्टी सांगून होत. त्यात जाच नव्हता असं कुणी मानू नये. रुखवत हा मुलीकडच्यांचाच खर्च, त्यांचीच परीक्षा, वरपक्षाच्या बायका त्यातली खोट काढायला टपलेल्या. हुंड्याला कायद्यानं बंदी झाली १९६१ मध्ये, मानपानाला अजून झालेली नाही. जुनी लग्नं फार सुंदर होती असं म्हणणाऱ्यानं आपल्या आईला एकदा एकांतात विचारून बघावं. पण आता रुखवत भाड्यानं मिळतं. काचेच्या पेटीतून येतं, टेबलावर मांडलं जातं, अक्षता पडल्या की परत जातं दुसऱ्या मांडवात. म्हणजे खर्च राहिला, परीक्षा राहिली, फक्त दुपारी गेल्या.

खर्चाचं म्हणाल तर तो बँकेत फार स्पष्ट दिसतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडं वैयक्तिक कर्जाचे अर्ज येत. तिशीतला मुलगा, पगार बरा, कारण लिहिलेलं ‘घरगुती’. बोलताना कळायचं, लग्न आहे. चौकशी केली की स्टेज, फुलं, ड्रोनवाला छायाचित्रकार. हप्ते तीन-चार वर्षांचे. मी कुणाला उपदेश केला नाही, ते माझं काम नव्हतं आणि लोकांना तो आवडतही नाही. पण एक फरक मनात नोंदवला. साज ठेवून गेलेली ती शिरोळची बाई पेरणीसाठी दागिना गहाण ठेवत होती. हा मुलगा फुलांसाठी पुढचा पगार गहाण ठेवत होता. त्या फुलांत आपली म्हणावी अशी त्याच्या गावची निशिगंधाची काडीसुद्धा नव्हती.

परवाच्या हंगामात मात्र एक लग्न मी मनापासून बघितलं. घरचंच, त्यामुळं थोडं कौतुक जास्त होईल, चालवून घ्या. माझी पुतणी सांगलीत इंटिरियरचं काम करते. तिच्या वडिलांचं हळदीचं अडत दुकान. लहानपण पोत्यांवर खेळण्यात गेलेलं. लग्न ठरल्यावर तीही मोबाइलवर बोटं फिरवून थकली. मग एका दुपारी दुकानात बसली असताना तिनं पोत्यातून एक हळकुंड उचललं आणि त्याकडं बघत बसली. हळकुंडाला पेरं असतात, बारीक वळ्या असतात, एका टोकाला बाक असतो. दोन हळकुंडं सारखी नसतात. तिनं नऊ वेचून काढली आणि रुमालात बांधून कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेली. मीही बरोबर गेलो. त्यानं आधी ‘बाई, कॅटलॉग बघा’ म्हणून पाहिलं. मग एक हळकुंड हातात घेतलं, दिव्याखाली फिरवलं, नखानं वळी चाचपली. म्हणाला, पत्र्याचं पोकळ करू, वजन कमी बसेल, पण घडणावळ जास्त पडेल. पुतणीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, द्या. सदतीस वर्षांत घडणावळीच्या बाजूनं मी दिलेला हा पहिला अभिप्राय.

लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांत होतं, शेतात हळदीची पानं अजून हिरवी होती. मांडवाला ती बांधली. वारा आला की वास यायचा. पडद्यांचा खर्च वाचला, हे माझ्या भावाला जास्त आवडलं. स्टेजवर धूर नव्हता म्हणून काही पाहुणे नाराज झाले, एक आजीबाई मात्र नवरीच्या गळ्याजवळ चष्मा नेऊन म्हणाल्या, ‘अगं, ही तर हळकुंडं!’

दागिन्याचं बिल माझ्याकडं आहे. हिशेब तपासायला म्हणून पुतणीनं दिलं होतं, राहून गेलं. वजन बरोबर आहे, कर बरोबर आहे, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही आहे. वस्तूच्या नावापुढं छापलंय : ‘फॅन्सी नेकलेस, १ नग’. पुतणी अडून बसली होती, हळकुंडी असं लिहा म्हणून. संगणकात तो शब्द नाही, नवा घालता येत नाही, असं त्या कारागिराच्या मुलानं सांगितलं. शेवटी म्हाताऱ्यानं मुलाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि छापील ओळीच्या खाली स्वतःच्या हातानं लिहून दिलं. त्यातला ‘ळ’ जरा वाकडा आला आहे.